चाकाला कुलूप, पावतीवर देणगी

मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. २०२४ च्या ऑगस्टमधला शनिवार, सकाळपासून पावसाची भुरभुर. दहा वाजता तिचा डोळा तपासायला न्यायचं होतं, म्हणून मी पावणेनऊलाच सिंहगड रस्त्यावरच्या तिच्या सोसायटीत पोचले. गेटवर वॉचमननं रजिस्टरमध्ये माझं नाव, गाडीचा नंबर, फ्लॅट नंबर लिहून घेतला आणि आत हात दाखवला, "तिकडं भिंतीकडंला लावा मॅडम." मी लावली. वर जाऊन तिच्या डोळ्यात थेंब घातले, ते मुरेपर्यंत थांबले, फाइल आणि औषधांची पिशवी घेतली, आणि तिचा हात धरून साडेनऊला खाली आले.

गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाला जॅमर होता.

रस्त्यावर ट्रॅफिक पोलिसांनी लावलेले जॅमर लांबून खूप पाहिलेत. जवळून पहिल्यांदाच पाहत होते. टायरला दोन्ही बाजूंनी आवळणारे दोन लोखंडी हात, मधे चाकाचे नट झाकणारी गोल पत्र्याची चकती, पिवळा रंग जागोजागी उडालेला आणि खाली एक साधं कुलूप, वाण्याच्या दुकानाच्या शटरला असतं तसं. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर बरोबर नजरेच्या रेषेत खळीनं चिकटवलेला कागद होता: "अनधिकृत पार्किंग. जॅमर शुल्क १,००० रुपये. दुपारी १२ नंतर १,५०० रुपये." खाली सोसायटीचा शिक्का.

वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "किल्ली मॅनेजरकडं असते. ते अकराला येतात." कागदावरच्या नंबरवर फोन लावला. सेक्रेटरींनी उचलला. मी डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, वॉचमननंच जागा दाखवली हे सांगितलं, गाडी पाच मिनिटांत काढते म्हणाले. ते म्हणाले, "ठराव झालाय मॅडम. नियम सगळ्यांना सारखा. गेटवर रिक्षा मिळेल तुम्हाला."

रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली. एकाहत्तर वर्षांची बाई, डोळ्याला काळा चष्मा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, आणि रिक्षाला दोन्ही बाजूंनी उघडी दारं. ती मधे बसली, मी तिच्या अंगावरून छत्री आडवी धरली. सगळ्या रस्ताभर ती एकच वाक्य म्हणत होती, "जाऊ दे गं, देऊन टाकू पैसे."

परत यायला पाऊण वाजला. म्हणजे दीड हजार. ऑफिसच्या टेबलावर काचेखाली क्यूआर कोड होता. पैसे पाठवताना शेरा लिहायची जी लहानशी जागा असते, तिथं मी लिहिलं: "जॅमर सोडवण्यासाठी, हरकत कायम ठेवून." हे मला कुणी सुचवलं नव्हतं. मी अठरा वर्षं एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. पैसे कशापोटी गेले हे त्या क्षणी लिहून ठेवलं नाही तर नंतर सांगायला फार जड जातं, एवढं त्या नोकरीनं शिकवलंय. मग पावती मागितली. मॅनेजरनं आधी टाळाटाळ केली, मग पावतीपुस्तक काढलं. पावतीवर 'तपशील' या रकान्यात त्यानं लिहिलं: देणगी.

"ही देणगी नाही," मी म्हणाले.

"आमच्याकडं याला दुसरं खातं नाही मॅडम. सगळ्यांचं यातच घेतो."

माझ्या डोक्यात प्रश्न उभा राहिला तो तिथं. दीड हजार रुपये गेले याचा राग होताच, पण तो दोन दिवसांत उतरला असता. ज्या जमेला संस्था स्वतःच्या वहीत खरं नाव देऊ शकत नाही, ती जमा घ्यायचा अधिकार तिला आहे का?

कुलूप काढण्याआधी मी सहा फोटो काढले होते: जॅमर, काचेवरचा कागद, जमिनीवरचा जागेचा नंबर आणि सूचनेचा बोर्ड. नंबर जवळजवळ पुसलेला होता, ओल्या फरशीवर वाकून बघितल्यावर एक १ आणि अर्धा ४ दिसला. "परवानगीशिवाय वाहन लावल्यास जॅमर लावण्यात येईल" हा बोर्ड होता खरा, पण जनरेटरच्या मागच्या भिंतीवर. गेटमधून आत येणाऱ्याला तो दिसायचं कारण नाही. ज्याच्यावर अशी वेळ येईल त्यानं पैसे भरायच्या आधी हे फोटो काढावेत. आणि कितीही संताप आला तरी कुलूप तोडू नये, कारण मग नुकसानीची तक्रार त्यांची होते आणि आपण आरोपीच्या बाकावर जातो.

संध्याकाळी पोलीस चौकीत गेले. तिथले हवालदार पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला अडवलं का कुणी? हात धरला, दार लावून घेतलं?" मी म्हणाले, गाडी अडवली. ते म्हणाले, "गाडी अडवली. तुम्ही रिक्षानं गेलात की." भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, म्हणजे जुन्या दंड संहितेतला गैरनिरोध, हा माणसाला जायचा हक्क असलेल्या दिशेनं जाऊ न देण्याचा गुन्हा आहे. माझी वाट अडली की फक्त माझी वस्तू, यावर त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. "हा सोसायटीचा आतला विषय," असं म्हणून ते मोकळे होणार होते, पण मी लेखी अर्ज नेला होता. तो त्यांनी ठेवून घेतला आणि माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून दिला. पोलिसांच्या बाजूनं एवढंच घडलं.

रविवारी दिवसभर बसून वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. जॅमरला आपल्याकडं कायद्याचा जो आधार आहे तो इथं आहे, आणि शब्द स्वच्छ आहेत. वाहन सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेलं असेल, किंवा कायद्यानं पार्किंगला मनाई असलेल्या ठिकाणी उभं असेल, तर ते ओढून न्यायला किंवा चाकाला क्लॅम्प लावून जागच्या जागी जखडायला परवानगी देता येते. कुणाला? त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. सोसायटीच्या सेक्रेटरीचा, मॉलच्या मॅनेजरचा, हॉस्पिटलच्या सिक्युरिटी एजन्सीचा त्या कलमात उल्लेख नाही. कंपाउंडच्या आत गाडी कुठं लावायची हे ठरवायचा हक्क सोसायटीला आहे, तो मी कधीच नाकारला नाही. पण नियम ठरवणं वेगळं आणि नियम मोडणाऱ्याची वस्तू पैसे मिळेपर्यंत अडकवून ठेवणं वेगळं. दुसऱ्यात तक्रार करणारा, निवाडा देणारा आणि वसुली करणारा एकच माणूस असतो, आणि समोरच्याला बोलायची जागाच उरत नाही. सकाळी दहाची वेळ असलेल्या बाईनं कुणाकडं दाद मागायची होती?

मग मी आमच्या संस्थेच्या वकिलांना फोन केला. त्यांनी मला एक जुनं पान उघडायला लावलं: भारतीय करार कायदा, १८७२. कलम १५ मध्ये जबरदस्तीची व्याख्या आहे, आणि तिच्यात फक्त मारहाणीची धमकी नाही. समोरच्यानं कबूल व्हावं म्हणून त्याची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं हीसुद्धा जबरदस्तीच. आणि कलम ७२ सांगतं की चुकीनं किंवा जबरदस्तीखाली दिलेले पैसे ज्याला मिळाले त्यानं ते परत केले पाहिजेत. त्या कलमाखाली कायद्यानं स्वतःच एक उदाहरण दिलंय. रेल्वे कंपनी बेकायदा आकारणी केल्याशिवाय माल सोडत नाही, माल सोडवायचा म्हणून माणूस पैसे भरतो. जेवढी रक्कम बेकायदा जास्त घेतली तेवढी परत मिळवायचा त्याला हक्क आहे.

ते उदाहरण मी तीनदा वाचलं. मालधक्क्यावर अडकलेली पोती आणि भिंतीकडेला अडकलेली माझी गाडी यांत मला काही फरक दिसेना. पैसे दिले म्हणजे मान्य केलं, असं सेक्रेटरी फोनवर म्हणाले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यानं त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं.

मावशीला मात्र हे काही नको होतं. "तुझं बरोबर आहे गं," ती म्हणाली, "पण तू तुझ्या घरी जाशील. मला इथं राहायचंय. रात्री-अपरात्री काही झालं तर हीच माणसं धावून येतात." मी गप्प बसले. तिचं खोटं नव्हतं. काका गेले त्या रात्री त्यांना खाली आणायला याच कमिटीतले दोघं होते.

ती बदलली तिच्या मुलाशी फोनवर बोलल्यावर. माझा मावसभाऊ पंधरा-सोळा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. शिकायला गेला तेव्हा, २००९ साली, एका दुकानामागच्या खासगी पार्किंगमध्ये त्याच्या जुन्या गाडीला असाच जॅमर लागला होता. सोडवायला सव्वाशे पाउंड गेले, म्हणजे त्याचा महिन्याचा जेवणाचा खर्च. त्यानं ते घरी कधी सांगितलंच नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आणि म्हणाला, "आई, आता इथं खासगी जागेत जॅमर लावला तर लावणाराच गुन्हेगार ठरतो."

त्याच्या सांगण्यावरून मी ते मुळातून वाचलं. स्कॉटलंडच्या न्यायालयानं १९९२ मध्येच खासगी जागेत गाडी जखडून पैसे मागणं हे खंडणी आणि चोरीच्या गुन्ह्यात बसतं असं म्हटलं होतं. इंग्लंडनं वेगळी वाट धरली. तिथल्या न्यायालयानं १९९० च्या दशकात असं धरलं की ठळक बोर्ड वाचून माणसानं गाडी लावली तर जॅमरला त्याची संमती मानता येईल. अट ही की रक्कम वाजवी हवी, पैसे देऊ केले की गाडी लगेच सुटायला हवी, आणि पैसे कुणाला द्यायचे ते कळायची सोय हवी. २००० सालच्या एका खटल्यात तर हॉस्पिटलमधून घरी निघालेल्या एका बाईला वाटेत त्रास झाला, तिनं खासगी जागेत गाडी थांबवली, उतरून उलटी केली, तेवढ्यात जॅमर लागला. सूचनेचा बोर्ड बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीनं झाकला गेला होता. बोर्ड दिसलाच नाही तर संमती कसली, म्हणून निकाल तिच्या बाजूनं लागला. जनरेटरमागच्या बोर्डाचा फोटो मी तेव्हा पुन्हा उघडून बघितला.

शेवटी २०१२ मध्ये तिथल्या संसदेनं नागरी स्वातंत्र्यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या ५४ व्या कलमानं विषय मिटवला. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर अधिकार नसताना खासगी जागेत गाडी जखडणं हा गुन्हा आहे, आणि बोर्ड वाचून संमती दिली होती ही सबबसुद्धा चालत नाही. पण जागामालकाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. तो गाडीच्या नोंदणीकृत धारकाला आकारणीचं पत्र पाठवू शकतो, धारक त्यावर अपील करू शकतो, न भरल्यास मालक न्यायालयात जाऊ शकतो. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशी ८५ पाउंडांची आकारणी योग्यच ठरवली. पैसे घ्या, पण गाडी ओलीस ठेवून नको, असा तो मार्ग आहे. मला तो पटला.

एवढ्यात एक गोष्ट राहूनच गेली होती. ती जागा कुणाची होती?

मावशीकडून कळलं की १४ नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा. ती नर्स आहे, रात्रपाळी करून शनिवारी सकाळी नऊला घरी आली, तर तिच्या जागेवर माझी गाडी. बारा तास उभं राहून आलेली ती मुलगी गाडी बाहेर रस्त्यावर लावून पावसात चालत आत आली, आणि जाताना वॉचमनला सांगून गेली. तक्रार तिची होती आणि रास्त होती. मी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. तिनं आत बोलावलं, चहा दिला. म्हणाली, "ताई, मला तुमचे पैसे नको होते. मला माझी जागा पाहिजे होती. जॅमर लावल्यावर तर गाडी आणखी चार तास तिथंच राहिली ना." मी इतकं कायद्याचं वाचलं होतं, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या गाडीनं अडचण होते तिलाच जागेवर खिळवून ठेवून अडचण कशी सुटणार? दीड हजारांतला एक रुपयाही तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

त्यानंतर काम कागदावर सुरू झालं, आणि कागद मावशीनंच दिला. सभासद ती होती, मी नव्हे. सहकार कायद्यानं सभासदाला सभांची इतिवृत्तं बघायचा आणि शुल्क भरून प्रती घ्यायचा हक्क आहे. तिनं माझ्याकडून मजकूर सांगून घेतला आणि काळा चष्मा लावून, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. बारा दिवसांनी प्रत मिळाली. सेक्रेटरी ज्याला ठराव म्हणत होते तो कमिटीच्या मासिक सभेतला होता आणि दोन ओळींचा होता: पार्किंगच्या वाढत्या तक्रारी लक्षात घेता चार जॅमर खरेदी करण्यास मान्यता देण्यात येत आहे. दंड किती, कुणाला, कुणाच्या निर्णयानं, यावर एक अक्षर नव्हतं. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, पार्किंगचं धोरण ठरवायचं काम सर्वसाधारण सभेचं आहे. उपविधी मोडला म्हणून सभासदाला दंड करायचा तर आधी नोटीस, मग त्याचं म्हणणं ऐकणं, मग सभेचा निर्णय, असा क्रम आहे. हे झालं सभासदाचं. सभासद नसलेल्या माझ्यासारखीकडून दंड घ्यायला तर त्यांच्या हातात उपविधीही नव्हता.

मी माझ्या नावानं वेगळं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. वकिलांनी त्यातली विशेषणं सगळी काढायला लावली. उरलं ते दीड पान: तारीख, वेळ, रजिस्टरमधली नोंद, पैशांच्या व्यवहाराचा क्रमांक आणि शेरा, पावतीवरचं 'देणगी', कलम १२७, कलम १५ आणि ७२, आणि शेवटी मागणी. ३० दिवसांत १,५०० रुपये परत करावेत, किंवा ते कोणत्या कायद्यानं घेतले ते लेखी कळवावं. दुसरा पर्याय मी मुद्दाम ठेवला होता. अधिकार असेल तर तो दाखवायला एक ओळ पुरते.

उत्तर आलं नाही. मग मावशीनं इतिवृत्ताची प्रत जोडून, सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज दिला. रिक्षाचं भाडं मी देऊ केलं तर म्हणाली, "माझ्या सोसायटीचं काम आहे, मी देईन." आवक बारनिशीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, क्रमांक टाकला, शिक्का मारला. तीन आठवड्यांनी सोसायटीला 'खुलासा सादर करावा' असं पत्र गेलं. एवढ्यानं काही फाशी होत नाही, पण कमिटीच्या टेबलावर सरकारी शिक्क्याचा कागद पडला की विषय पुढं ढकलता येत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागतेच. ती महिनाअखेरच्या रविवारी, खालच्या पार्किंगमध्येच, खुर्च्या मांडून झाली. मला आत बसायचा हक्क नव्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसले, तिथून सगळं ऐकू येत होतं.

चेअरमन तावातावानं बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. समोरच्या कोचिंग क्लासची मुलं आत गाड्या लावून जातात. एका रात्री एका आजोबांसाठी आलेली अँब्युलन्स कुणाच्या तरी गाडीमुळं दारापर्यंत येऊ शकली नाही. "पोलिसांना फोन केला तर ते म्हणतात खासगी जागा आहे, आम्ही उचलत नाही. मग आम्ही काय करायचं?" याला मला तरी चटकन उत्तर सुचलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, परदेशात तर सगळीकडं जॅमर लावतात.

तेव्हा मावशी उठली. ती कधी सभेत बोलली नव्हती. हातातला कागद तिला नीट दिसत नव्हता, म्हणून तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तोंडीच बोलली. "परदेशात माझा मुलगा राहतो. तिकडं हे २०१२ पासून बंद आहे. माझ्या भाचीची गाडी चुकीच्या जागी होती, तिनं त्या मुलीची माफी मागितली. पण आपल्या वॉचमननं दाखवलेल्या जागी ती होती. आपण तिला फोन केला नाही. तिचा नंबर रजिस्टरमध्ये नव्हता, कारण आपलं रजिस्टर नंबर विचारतच नाही, पण माझा फ्लॅट नंबर होता. इंटरकॉम होता. चार दिवसांपूर्वी डोळा कापलेली मी वर बसले होते. एक फोन केला असता तर गाडी दोन मिनिटांत निघाली असती." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पैसे घेतले ते देणगी म्हणून. मी या सोसायटीला देणगी दिलेली आहे, गणपतीला दर वर्षी देते. देणगी अशी घेतात का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग १४ नंबरवाली मुलगी उठली आणि जॅमरमुळं तिची जागा दुपारी एकपर्यंत अडकून राहिली ते तिनं सांगितलं. माझ्या अंदाजानं सभा फिरली ती तिथं, कारण तक्रारदारच म्हणत होती की या उपायाचा मला उपयोग झाला नाही.

पुढचं भांडण तासभर चाललं. त्यात पार्किंगच्या जागा 'विकत घेतल्या'चा जुना वादही निघाला. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डर फ्लॅटपासून वेगळी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलंय, तरी ज्यांनी बिल्डरला पैसे मोजले त्यांचा घाव ताजा आहे. अखेर हात वर करून मतं घेतली. जॅमर लावणं बंद करायचं, २६ विरुद्ध १९. नंबर पुन्हा रंगवायचे, गेटजवळच्या चार जागा पाहुण्यांसाठी आखायच्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर घ्यायचा. बाहेरच्या गाड्या लावणाऱ्यांना गेटवरच अडवायचं, एकदा आत घेऊन मग शिक्षा करायची नाही. कोचिंग क्लासला लेखी पत्र द्यायचं आणि अँब्युलन्सची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखून घ्यायची, हेही त्यातच ठरलं.

माझे पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत. मी आणखी एक पत्र लिहिलं, त्याला नोव्हेंबरात उत्तर आलं: दोन ओळी आणि १,५०० रुपयांचा चेक. तोवर जॅमरपोटी घेतलेली रक्कम बाकीच्यांनाही परत करा असं मावशीनं लेखी मागितलं होतं. पण त्यातल्या बऱ्याच जणांची पावतीच नाही, असं उत्तर तिला मिळालं. ज्यांच्याकडं पावती होती अशा दोघांना पैसे मिळाले. बाकीच्यांचे गेले ते गेलेच, आणि ते मला अजून खुपतं.

डिसेंबरात मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी पुन्हा पावणेनऊला गेटवर होते. वॉचमन तोच. त्यानं रजिस्टर पुढं केलं, त्यात मोबाइलचा नवा रकाना हातानं आखलेला होता. मग एक जाड कागदाची चिठ्ठी दिली, तिच्यावर माझा नंबर लिहायला लावला आणि काचेच्या आत ठेवायला सांगितली. पाहुण्यांच्या जागेत गाडी लावून मी वर गेले. मावशीच्या डोळ्यात थेंब घातले तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, पाण्याचा टँकर येतोय. गाडी जरा पुढं घेता का?"

मावशीला डोळे मिटून बसायला सांगितलं आणि किल्ली घेऊन खाली गेले.